पीटर रॅबिटचं पुस्तक एवढंसं का आहे?

रानजाई

लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक घेताना आपण गोष्ट चाळतो, चित्रं बघतो, उलटून किंमत बघतो. आकाराकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. इंग्रज लेखिका-चित्रकार बिअॅट्रिक्स पॉटरच्या 'द टेल ऑफ पीटर रॅबिट'बद्दल मात्र मी ठामपणे म्हणेन की आकार हा त्या गोष्टीचाच भाग आहे. तळहातावर मावेल एवढं पुस्तक, एका बाजूला दोन-चार ओळी, समोर एक चित्र. हे असंच हवं म्हणून बिअॅट्रिक्स प्रकाशकांपुढे अडून बसली आणि शेवटी तिने पदरच्या पैशाने पुस्तक छापलं. या पुस्तकावर मराठीत फारसं बोललं जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात एका पत्रापासून. ४ सप्टेंबर १८९३. बिअॅट्रिक्स तेव्हा २७ वर्षांची, आईवडिलांबरोबर स्कॉटलंडमध्ये डंकेल्डला मुक्कामाला होती. तिला पूर्वी शिकवायला येणाऱ्या अॅनी कार्टरचं लग्न होऊन ती अॅनी मूर झाली होती. तिचा पाच वर्षांचा नोएल आजारी, अंथरुणात. त्याला बिअॅट्रिक्सने लिहिलं की तुला काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून चार छोट्या सशांची गोष्ट सांगते: फ्लॉप्सी, मॉप्सी, कॉटनटेल आणि पीटर. ओळींच्या मधेमधे शाईने काढलेली चित्रं. दुसऱ्या दिवशी नोएलच्या भावाला, एरिकला, एका बेडकाची गोष्ट पाठवली. त्या बेडकाचंही पुढे पुस्तक झालं.

नोएलने ते पत्र जपून ठेवलं. काही वर्षांनी, याचं पुस्तक कर असं अॅनीने सुचवलं, तेव्हा बिअॅट्रिक्सने पत्र उसनं मागून घेतलं, उतरवून काढलं, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवायला सुरुवात केली. एकामागून एक नकार आले. अडचण गोष्टीपेक्षा पुस्तकाच्या रूपाची होती. प्रकाशकांना मोठं, रंगीत, महाग पुस्तक हवं होतं. १९०० साली तिने नोएलच्या बहिणीला, मार्जरीला, लिहिलेल्या पत्रात स्वतःचं मत साफ मांडलं आहे. सहा शिलिंगांचं एक मोठं पुस्तक करण्यापेक्षा एकेक शिलिंगाची दोन-तीन छोटी पुस्तकं करावीत, कारण छोट्या सशांना सहा शिलिंग परवडत नाहीत. पुस्तक कोण विकत घेणार आणि कोणाच्या हातात राहणार, याचा एवढा बारीक विचार तिने पहिल्याच पुस्तकाला केला होता.

शेवटी स्ट्रेंजवेज या छापखान्यात तिने स्वतःच २५० प्रती छापून घेतल्या. मुखचित्र तेवढं रंगीत, बाकी सगळी चित्रं काळ्या रेघांची. डिसेंबर १९०१. नातलग आणि ओळखीपाळखीत प्रती हातोहात गेल्या, फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० काढाव्या लागल्या. आर्थर कॉनन डॉयलने आपल्या मुलांसाठी एक प्रत घेतली होती.

आता आकाराबद्दल जे म्हटलं ते. पीटर फाटकाखालून अंग चोरून बागेत शिरतो. पुढच्या पानावर तो लेट्यूस खातो, फरसबी खातो, मग मुळे खातो. पोटात ढवळायला लागतं, म्हणून पार्सली शोधायला निघतो. आणि काकडीच्या वाफ्याच्या टोकाला वळतो, तर समोर बागेचा मालक मिस्टर मॅकग्रेगर! हे सगळं एका मोठ्या पानावर चार चित्रं मांडून छापलं असतं तर मॅकग्रेगर मुलाला आधीच दिसला असता. इथे पान उलटल्याशिवाय तो दिसत नाही, आणि पान इतकं छोटं की तीन-चार वर्षांचं मूल ते स्वतः उलटतं. गोष्टीचा वेग मुलाच्या हातात राहतो.

ज्यांच्या घरी हे पुस्तक आहे किंवा होतं त्यांनी जरूर लिहा.

शाईवाला

उत्तम धागा. छपाईच्या धंद्यात हयात गेली, म्हणून त्या बाजूने भर घालतो.

मुखचित्र रंगीत आणि बाकी काळं, यामागे सरळ हिशोब आहे. तेव्हा तीन रंगांची छपाई नवीन होती. मूळ चित्राचे रंगांच्या गाळण्या (फिल्टर) लावून तीन वेळा फोटो काढायचे, प्रत्येकाचा बारीक ठिपक्यांचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायचा आणि पिवळा, लाल, निळा असे तीन रंग एकावर एक चढवायचे. म्हणजे एका चित्राला तीन ब्लॉक आणि कागद यंत्रातून तीनदा जाणार. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर जरी हललं तरी सशाच्या डोळ्याला दुहेरी कड दिसते. शिवाय बारीक ठिपके साध्या कागदावर पसरतात, म्हणून गुळगुळीत आर्ट पेपर लागतो. चाळीसेक चित्रं अशी स्वतःच्या खर्चाने करायची तर शिलिंगाचं पुस्तक शिलिंगात पडणं शक्यच नव्हतं. तिने एकच रंगीत ब्लॉक केला आणि बाकी रेघांवर भागवलं, हा पक्का व्यवहारी निर्णय होता.

दुसरी गोष्ट, फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन कंपनीने १९०२ च्या ऑक्टोबरात पुस्तक काढलं ते सगळं रंगीत. त्या छपाईत एडमंड एव्हान्स यांचा छापखाना होता. एव्हान्स म्हणजे लाकडी ठशांवरून रंगीत बालपुस्तकं छापणारा जुना जाणता माणूस, केट ग्रीनअवेची पुस्तकं त्याचीच. लाकडी ठशांत प्रत्येक रंग सपाट आणि ठळक येतो. बिअॅट्रिक्सच्या जलरंगातली सशाच्या लवेवरची एकेक काडी त्या पद्धतीत टिकली नसती. तीन रंगांचे ब्लॉक परवडायला लागले आणि तिची चित्रं तयार झाली, हे एकाच सुमारास घडलं. तिच्या हट्टाचं कौतुक आहेच, पण तंत्रही तेव्हाच जुळून आलं.

चिंगीची_आई

आमच्याकडे हे पुस्तक आहे आणि मला त्यातल्या एका वाक्याचा कायम त्रास होतो. गोष्टीच्या सुरुवातीलाच आई मुलांना सांगते, मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका, तुमच्या वडिलांना तिथे अपघात झाला आणि मिसेस मॅकग्रेगरने त्यांचा पाय केला. पाय म्हणजे मांस भरून भाजलेला तो खाद्यपदार्थ. चार वर्षांच्या मुलीला हे वाचून दाखवायचं? मी ती ओळ गाळून वाचते. चित्रं इतकी गोड आहेत की लेखिकेला ही ओळ का हवी होती तेच कळत नाही.

रानजाई

@चिंगीची_आई, तुमची अडचण समजते, तरीही माझं मत वेगळं आहे. ती ओळ काढली तर पीटर बागेत जातो त्याला काही अर्थच उरत नाही. पकडला गेला तर काय होईल हे मुलाला माहीत असतं, म्हणूनच ते श्वास रोखून पान उलटतं. आणि ती ओळ किती शांतपणे येते बघा. आई रडत नाही, समजावत बसत नाही. सांगते, टोपली-छत्री उचलते आणि पाव आणायला बेकरीत जाते.

एक गंमत म्हणजे मिसेस मॅकग्रेगर पाय वाढते आहे असं एक चित्रही पहिल्या रंगीत आवृत्तीत होतं. १९०३ मध्ये मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला रंगीत पुस्तीपानं (पुठ्ठ्याला आतून चिकटणारी पानं) घालायची ठरली, त्यांना जागा करायला चार चित्रं काढली, त्यात हे गेलं. २००२ च्या शताब्दीच्या आवृत्तीत ती परत घेतली.

भूछत्र

वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून वेगळ्या दाराने आत येते. बिअॅट्रिक्सचं नाव मला आधी अळंब्यांमुळे माहीत झालं, सशाची ओळख नंतरची. १८९० च्या दशकात तिने बुरशी आणि अळंब्यांची शेकडो चित्रं केली आणि ती नुसती शोभेची नाहीत. छत्रीचा उभा छेद, खालचे पडदे, सूक्ष्मदर्शकातून दिसणारे बीजाणू, सगळं अभ्यासकाला वापरता येईल इतकं नेमकं. बीजाणू कसे रुजतात यावर तिने निबंध लिहिला. तो १ एप्रिल १८९७ ला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेपुढे ठेवला गेला, पण ठेवला क्यू या वनस्पती-उद्यानातल्या जॉर्ज मॅसी यांनी, कारण स्त्रियांना त्या सभेत प्रवेशच नव्हता. निबंध पुढे मागे घेतला गेला. त्या सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतलं १९०४ च्या सुमारास, तोवर ती पीटरमध्ये पूर्ण गुंतली होती. मात्र तिची ५९ चित्रं १९६७ साली अळंब्यांवरच्या एका संदर्भग्रंथात छापली गेली.

हे सांगायचं कारण म्हणजे पीटरची चित्रं बघताना मला ती अभ्यासक दिसते. निळा कोट घातलेला आहे तोवर पीटर दोन पायांवर चालतो, मुळा हातात धरून खातो. पळताना त्याचा एक जोडा कोबीत पडतो, दुसरा बटाट्यांत, आणि जोडे गेल्यावर तो चार पायांवर धावू लागतो आणि जास्त वेगाने धावतो. मग गूसबेरीच्या जाळीत कोटाची मोठी बटणं अडकतात, कोट तिथेच टाकून तो सुटतो. त्यापुढच्या चित्रांतला ससा हा निव्वळ ससा आहे. मागच्या पायांची ठेवण, कान मागे टाकण्याची पद्धत, सगळं खऱ्या सशाचं. भिंतीतल्या दाराशी तो रडत उभा आहे ते चित्र पुन्हा बघा. एका पायावर दुसरा पाय ठेवलेला, एक पंजा दारावर. हावभाव माणसाचे आणि हाडं सशाची, अशी ती सांगड आहे. हे जमायला ससा वर्षानुवर्षं जवळून बघावा लागतो.

पानगळ

भूछत्र, सुंदर लिहिलंत. बघायला तिच्याकडे ससे होतेच. पहिला बेंजामिन. त्याच्यावरून केलेली शुभेच्छापत्रांची चित्रं १८९० साली विकली गेली, ती तिची पहिली कमाई, ६ पौंड. मग पीटर. तो लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातून साडेचार शिलिंगांना आणलेला. तो गोल कड्यातून उडी मारायचा, घंटी वाजवायचा. पीटर २६ जानेवारी १९०१ ला गेला. त्याच वर्षाअखेरीस पुस्तक छापून आलं, तेव्हा स्वतःच्या प्रतीवर तिने त्याची आठवण लिहून ठेवली: त्याची बुद्धी बेताची असेल, कातडी-कान-पंज्यांत उणं असेल, पण स्वभाव कायम गोड होता. मला तिचं सगळ्यात आवडलेलं लिखाण हेच.

परळकर

धाग्यात मुंबईचा एक धागा जोडतो. बिअॅट्रिक्स छोट्या आकारावर अडून बसली तेव्हा बाजारात त्या आकाराचं एक पुस्तक धडाक्यात खपत होतं आणि ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. १८९९ सालचं 'लिटल ब्लॅक सॅम्बो'. लेखिका हेलन बॅनरमन. तिने ती गोष्ट मद्रास इलाख्यात राहत असताना आपल्या मुलींसाठी लिहिली. नवरा विल्यम बॅनरमन सरकारी वैद्यकीय सेवेत होता आणि पुढे मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. आज आपण जिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो ती हीच.

त्या पुस्तकातलं काळ्या माणसांचं चित्रण पुढे अपमानकारक ठरलं आणि त्यावरची टीका रास्तच आहे. पण प्रकाशनाच्या दृष्टीने दोघींची तुलना बघण्यासारखी आहे. हेलन इकडे हजारो मैलांवर, तिच्या वतीने पुस्तकाचे हक्क अवघ्या ५ पौंडांना विकले गेले. पुस्तक अफाट खपलं, तिच्या हाती काही राहिलं नाही. बिअॅट्रिक्सने मात्र आधी स्वतः छापून दाखवलं, हातात खपलेल्या प्रती असताना वॉर्नशी बोलणी केली.

शाईवाला

परळकर, हे माहीत नव्हतं, आभार. पण वॉर्नसमोर तिनेही बरंच सोडलं हे म्हणायला हवं. सगळी चित्रं रंगीत हवीत ही त्यांची अट. तिचं म्हणणं, रंगाचा खर्च फार आणि बहुतेक चित्रांत आहे काय, सशाचा तपकिरी आणि हिरवा, त्याला रंग कशाला? शेवटी तिने त्यांची अट मान्य केली, चित्रंही कमी केली. माझं प्रांजळ मत, वॉर्न बरोबर होते. तो निळा कोट नसता तर पीटर शंभर वर्षं टिकला नसता.

रानजाई

@शाईवाला, निळ्या कोटाबद्दल सहमत! रंग, चित्रांची संख्या यावर ती ऐकून घेत होती. आकार आणि किंमत मात्र तिने सोडली नाही. भाषाही शेवटी तिचीच राहिली. भाषेचा किस्सा राहिलाच. कॅनन (चर्चमधलं पद) हार्डविक रॉन्सली हे पॉटर कुटुंबाचे स्नेही, निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी एक. त्यांनी मदत म्हणून अख्खी गोष्ट पद्यात बसवली आणि तिच्या चित्रांसह वॉर्नकडे पाठवली. वॉर्नने कळवलं की चित्रं चालतील, पण शब्द साध्या गद्यातले हवेत. म्हणजे तिचेच.

मग खप बघा. पहिल्या ८,००० प्रती प्रसिद्धीआधीच संपल्या. १९०२ संपेपर्यंत २८,००० छापून झाल्या, वर्षभरात ५६,४७०. किंमत पुठ्ठ्याच्या बांधणीला एक शिलिंग, कापडीला दीड.

पानगळ

आणि एवढ्या खपात वॉर्नच्या न्यूयॉर्क कार्यालयाकडून अमेरिकेत कॉपीराइटची नोंदच राहून गेली. लगेच तिथे बिनपरवाना आवृत्त्या निघाल्या, त्यांचा एक छदामही तिला मिळाला नाही. त्यातून ती शिकली असावी असं मला वाटतं, कारण १९०३ च्या डिसेंबरात तिने स्वतः शिवलेल्या पीटरच्या बाहुलीची नोंद करून घेतली. मग पटावरचा खेळ, भिंतीवरचा कागद. गोष्टीतल्या पात्राच्या वस्तू रीतसर परवान्याने विकणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत ती होती.

वॉर्न कुटुंबाशी तिचं नातं पुस्तकांपुरतं राहिलं नाही. धाकटा नॉर्मन वॉर्न तिची पुस्तकं बघायचा. जुलै १९०५ मध्ये त्याने लग्नाचं विचारलं, ती हो म्हणाली. धंद्यातला माणूस म्हणून तिच्या आईवडिलांचा विरोध. महिन्याभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. १९१७ मध्ये थोरला भाऊ हॅरॉल्ड खोट्या हुंड्या (पैसे देण्याचे लेखी वायदे) लिहिल्याच्या प्रकरणात तुरुंगात गेला, कंपनी बुडायला आली. तेव्हा तिचेच पैसे कंपनीकडे अडकले होते, तरी तिने घाईने नवीन पुस्तक देऊन कंपनी उभी राहायला मदत केली. नॉर्मनच्या घरच्यांना तिने वाऱ्यावर सोडलं नाही.

आडवाट

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ राहतो. लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या प्रदेशातलं तिचं हिल टॉप हे घर इथून फार लांब नाही. निअर सॉरी नावाचं खेडं. नॉर्मन गेला त्याच वर्षी तिने ही शेती घेतली, पुस्तकांची कमाई आणि मावशीकडून आलेली थोडी रक्कम यांतून. घर छोटं म्हणून वेळ ठरवून आत सोडतात. पुस्तकं वाचून गेलात तर जिना, कपाट, चुलीची जागा ओळखीची वाटते, कारण नंतरच्या पुस्तकांतली घरं तिने इथेच बसून काढली. पीटरच्या बागेचा शोध मात्र इथे घेऊ नये. पुस्तक १९०२ चं, घर १९०५ चं.

१९१३ ला तिथल्या विल्यम हीलिस या वकिलाशी लग्न केल्यावर ती शेतकरीणच झाली. हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळायची. या मेंढ्यांची कोकरं जन्मतः काळी आणि मग वर्षागणिक राखाडी होत जातात, डोंगरावर आजही दिसतात. २२ डिसेंबर १९४३ ला ती गेली तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला दिली, अट घालून की हर्डविक मेंढ्या तिथेच चरत राहाव्यात. एक शिलिंगाच्या पुस्तकांनी विकत घेतलेले डोंगर आहेत हे. तिथे चालताना मला दर वेळी हाच विचार येतो.

चिंगीची_आई

काय सुरेख चर्चा झाली! माझ्याकडची प्रत म्हणजे सगळ्या २३ गोष्टी एकत्र असलेलं जाडजूड पुस्तक आहे. एका पानावर दोन-तीन चित्रं. रानजाई म्हणतात तसा मॅकग्रेगर आधीच दिसतो. सुटं छोटं पुस्तक घेऊ का? आणि मराठीत कुणी काढायचं म्हटलं तर हक्कांचं काय?

रानजाई

सुटंच घ्या. घेताना एवढंच बघा की एका बाजूला मजकूर आणि समोर चित्र अशी मांडणी आहे आणि लेखिका-चित्रकार म्हणून एकट्या बिअॅट्रिक्सचं नाव आहे. दुसऱ्याच कुणाच्या चित्रांच्या आवृत्त्याही बाजारात भरपूर आहेत.

हक्कांचं असं की आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे १९४३ च्या हिशोबाने २००३ अखेर तो संपला. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणून २०१३ अखेर. नावाच्या ट्रेडमार्कचा प्रश्न वेगळा, तो वकिलाला विचारूनच पुढे जावं. मराठीत कुणी खरंच मनावर घेतलं तर माझी एकच कळकळीची विनंती: खर्च वाचवायला चित्रं एका पानावर दाटू नका.

शाईवाला

छोट्या आकारात कागद उलट कमी वाया जातो. गंभीरपणे करणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अंदाजपत्रक काढून देतो.